घोड्याच्या रक्तातलं औषध

ओजसचा घसा दुखायला लागला तेव्हा शिशिरने ते फारसं मनावर घेतलं नाही. ऑक्टोबर लागला होता. चंदीगडमध्ये दुपारी अजून ऊन चटके द्यायचं आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायचं. असल्या हवेत वर्गातली निम्मी मुलं खोकत असतात. त्याने ओजसला मीठ-हळदीच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, तापाचं औषध दिलं आणि मोहालीतल्या ऑफिसला घरूनच काम करतो म्हणून कळवून टाकलं. सहा वर्षांचा ओजस सोफ्यावर पडून राहिला. दोन वर्षांची गिरिजा त्याच्या पायांशी ठोकळे रचत बसली.

घरात मोठं माणूस म्हणजे शिशिर एकटाच. त्याची बायको क्षितिजा लष्करात मेजर होती, इंजिनिअर्समध्ये. लडाखमधल्या एका रस्त्याच्या कामावर तिची नेमणूक होऊन वर्ष होत आलं होतं. सेक्टर चव्वेचाळीसमधल्या त्यांच्या इमारतीत फौजी कुटुंबं बरीच होती, पण बायको सीमेवर आणि नवरा मुलांचे डबे भरतोय असं घर हे एकच. शिशिर मूळचा मिरजेचा. तिकडच्या नातेवाइकांना या संसाराचं हसू यायचं, पण त्याला त्याचा मनातून अभिमान होता. शाळा, अभ्यास, वेण्या, आजारपण, सगळं त्याच्याकडे. आणि टोचण्याही.

टोचण्यांची गोष्ट मात्र जरा वेगळी होती. ओजस अडीच महिन्यांचा असताना पुण्यात त्याला पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, दुसरी सुई दिली होती. घरी आल्यावर क्षितिजा काही कामासाठी तासभर बाहेर गेली, आणि बाळ किंचाळायला लागलं. तसलं रडणं शिशिरने त्याआधी ऐकलं नव्हतं. मग ते एकाएकी थांबलं. बाळाचं अंग पांढरंफटक पडलं, ओठांवर निळी झाक आली, मान एका बाजूला लटकली. हाका मारल्या, तळपाय चोळले, तरी डोळे उघडेनात. त्याला छातीशी धरून शिशिर अनवाणीच जिना उतरला आणि रिक्षात बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळाच्या गालावर रंग आला होता, आणि थोड्या वेळाने ते बाटलीतून दूध पिऊ लागलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट बसवून समजावलं. हे सुईमुळेच झालं, आम्ही नाकारत नाही. हजारो मुलांत एखाद्याला होतं, बघणाऱ्याचा जीव जातो, पण मुलावर मागे काही खूण राहत नाही. पुढची सुई आमच्या डोळ्यांसमोर देऊ, हवं तर वेगळ्या, सौम्य प्रकारची देऊ.

शिशिरने मान हलवली होती. पुढची तारीख आली तेव्हा ओजसला सर्दी होती. त्यानंतर घर बदललं, गाव बदललं, आणि मग कुणी तारीख विचारेनासं झालं. क्षितिजाने एकदा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला की मला धीर होत नाही. ती म्हणाली, ठीक आहे, तू बघ. गिरिजा झाली तेव्हा तिला जन्माच्या वेळी जे टोचलं तेवढंच, आणि पोलिओचे थेंब. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ही नावं त्याला शाळेच्या जुन्या पुस्तकातली वाटत. घटसर्प झालेलं मूल त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या ओळखीत कुणीच पाहिलं नव्हतं. लटकलेली मान मात्र त्याने स्वतःच्या हातात धरली होती.

घसा धरल्याच्या तिसऱ्या सकाळी ओजस उठला तेव्हा त्याची मान सुजली होती. जबड्याखालून गळ्यापर्यंत सगळं एकसारखं भरून आलं होतं, हनुवटी कुठे संपते ते कळत नव्हतं. आवाज घोगरा झाला होता, लाळ उशीवर ओघळली होती.

"बाबा, पानी नहीं जा रहा," तो म्हणाला. घरात मराठी कळायची त्याला, पण उत्तर हिंदीतूनच यायचं.

शिशिरने त्याला खिडकीशी नेलं, आ करायला लावला आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. टॉन्सिलवर पांढरे ठिपके असतील असं त्याला वाटलं होतं. ठिपके नव्हते. घशाच्या दोन्ही बाजूंना आणि मधल्या पडजिभेवर मळकट राखाडी काहीतरी पसरलं होतं, ओलं चामडं चिकटवावं तसं. तोंडाला एक गोडूस, कुजका वास येत होता. शिशिरने उजेड बंद केला. पुढे काय करायचं ते ठरवायलासुद्धा तो थांबला नाही.

शेजारच्या दारावर थाप मारली. वंदनाकाकू मूळच्या नागपूरच्या, त्यांचे यजमान नंदकुमार हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच राहिले होते. त्यांची मुलगी आणि जावई मोहालीत नोकरीला, त्यामुळे पाच वर्षांचा नातू ऋग्वेद दिवसभर आजी-आजोबांकडे असायचा. ओजसशी त्याचं मेतकूट जमलं होतं. काकूंनी गिरिजाला कडेवर घेतलं, ओजसकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून रे, एवढी मान कशी सुजली याची? जा तू, हिचं मी बघते."

सेक्टर चौतीसच्या सिग्नलला गाडी अडकली. कोचिंगची मुलं पाठीवर पिशव्या टाकून घोळक्याने रस्ता ओलांडत होती, कुणाला घाई नव्हती. मागच्या सीटवर ओजस श्वास घेताना घुंईघुंई आवाज येत होता. शिशिर आरशात बघत राहिला, मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा त्याला कळलं की सिग्नल सुटलाय. बत्तीसच्या सरकारी रुग्णालयात त्याने गाडी जिथे जागा दिसली तिथे सोडली आणि मुलाला उचलून आत नेलं.

मुलांच्या विभागात डॉक्टर हरलीन गिल होत्या. चाळिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ओजसला टेबलावर बसवून मान चाचपली आणि विचारलं, टोचण्या सगळ्या झाल्यात ना याच्या?

"हाँ जी, सगळ्या," शिशिर म्हणाला.

हे उत्तर त्याच्या तोंडून इतक्या सहज गेलं की ते खोटं आहे हे त्यालाच जरा उशिरा जाणवलं. शाळेत, शेजारी, कुणी विचारलं की तो असंच सांगायचा. डॉक्टर गिल यांनी जीभ दाबून घशात पाहिलं. मग त्या उठल्या, स्वतः मास्क चढवला, शिशिरच्या हातात एक दिला आणि नर्सला इतर मुलांना बाहेर न्यायला सांगितलं. कापूस लावलेल्या काडीने त्यांनी तो राखाडी पापुद्रा कडेला किंचित हलवून पाहिला. तो सुटला नाही. कडेने रक्त आलं.

त्या पुन्हा शिशिरकडे वळल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मी परत विचारते, नीट आठवून सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे.

"दोनच झाल्यात," तो म्हणाला. "अडीच महिन्यांचा असताना. पुढच्या दिल्या नाहीत. मीच दिल्या नाहीत."

त्यांनी मान डोलावली, जणू एवढंच हवं होतं. मग त्यांनी त्या आजाराचं नाव घेतलं. इंग्रजीत. शिशिरच्या डोक्यात त्याचं मराठी उमटलं, घटसर्प, आणि त्यातला साप त्याला पहिल्यांदा ऐकू आला.

ओजसला वेगळ्या खोलीत हलवलं, हाताला सलाइन लावलं, पेनिसिलिन सुरू केलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर येऊन बघून गेले. श्वास अडलाच तर गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल, त्याची तयारी कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर हिरव्या कापडाखाली झाकून ठेवली. मग डॉक्टर गिल शिशिरला बाहेर घेऊन आल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर त्याच्या शेजारी बसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. पेनिसिलिन जंतू मारतं, पण जंतूंनी जे विष सोडलंय ते रक्तात उतरलेलं असतं. ते हृदयाला धरतं, नसांना धरतं. त्यावर उतारा एकच, आणि तो घोड्याच्या रक्तातून काढतात. घोड्याला ते विष थोडं थोडं टोचतात, त्याचं रक्त त्याच्याशी लढायला शिकतं, आणि त्या रक्तातलं पाणी गाळून हे औषध होतं. शंभर-सव्वाशे वर्षं जुनी रीत आहे. पण ते दुसऱ्या प्राण्याचं रक्त. काही मुलांच्या अंगाला ते मानवत नाही. अंगावर गांधीचे चट्टे उठतात, कधी श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. क्वचित मूल दगावतंही. म्हणून आधी कातडीत एक थेंब टोचून बघायचं.

"किती मुलांना होतं असं?" शिशिरने विचारलं. त्याचं कामच आकड्यांचं होतं, आणि आकडा मिळाला तर हाताला काहीतरी धरायला मिळेल असं त्याला वाटलं.

शंभरात काही जणांना कसला ना कसला त्रास होतो, त्या म्हणाल्या, आणि त्यातल्या थोड्यांना जिवावरचा.

"आणि दिलं नाही तर?"

"तीन में से एक बच्चा जाता है," त्या म्हणाल्या. "इतनी सूजन हो तो उससे ज़्यादा।"

समोरून एक म्हातारे सरदारजी नातीला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होते. सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी हजारो मुलांत एखादं म्हटलं होतं, आणि त्या एखाद्याच्या धाकाने त्याने पाठ फिरवली होती. आता त्याच्यासमोर त्याहून कितीतरी मोठी भीती ठेवली जात होती, आणि तरी दोन भीतींपैकी तीच लहान होती. पाठ फिरवायला जागा नव्हती. त्याने पुण्याला झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, त्याचा आणि याचा काही संबंध? त्या म्हणाल्या, नाही. ते वेगळं होतं, आणि त्यातून तो बरा झाला होता.

"द्या," तो म्हणाला.

औषध येईपर्यंत त्याने क्षितिजाच्या युनिटला फोन लावला. ती पुढच्या कामावर होती, तिथे नेटवर्क नव्हतं. ऑपरेटरने निरोप लिहून घेतला आणि सर, घाबरू नका, पोचवतो, म्हणाला. मग त्याने वंदनाकाकूंना फोन केला. हा फोन त्याला जड गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की घरातल्यांना आणि ज्यांच्याशी ओजस खेळलाय त्या सगळ्यांना गोळ्या घ्याव्या लागतील, घशाची तपासणी होईल. म्हणजे काकूंना सांगणं आलं. ऋग्वेद आणि ओजस एकाच बाटलीतून पाणी पीत, एकाच ताटलीतले पोहे खात.

त्याने सगळं सांगितलं. घटसर्प आहे. ओजसच्या टोचण्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. गिरिजाच्या तर नाहीतच. पलीकडून गिरिजाचा बोबडा आवाज येत होता.

"आमच्या ऋग्वेदच्या सगळ्या झाल्या आहेत," काकू म्हणाल्या. "पण तू मला हे आधी सांगायला पाहिजे होतं, शिशिर. रोज माझ्या घरी येऊन राहिले ना तुझे पोरं."

"हो," तो म्हणाला.

"गिरिजा राहील इथे. तिला कुठं टाकणार आता. तू त्या पोराजवळ बस."

काकूंनी फोन ठेवला. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

औषधाचा थेंब ओजसच्या हाताच्या आतल्या बाजूला टोचला आणि डॉक्टर गिल घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. शिशिर फक्त त्या जागेकडे बघत होता. आधी डास चावल्यासारखा फुगवटा आला, मग त्याच्याभोवती लाली पसरली. ती वाढत वाढत रुपयाच्या नाण्याएवढी झाली.

घोड्याचं रक्त त्याच्या मुलाला मानवत नव्हतं.

त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी पट्टीने ती लाली मोजली आणि म्हणाल्या की अशा वेळी एक वाट असते. औषध अगदी पातळ करून, थेंबाथेंबाने चढवत न्यायचं. शरीराला कळू न देता त्याची सवय लावायची. वेळ लागतो. प्रत्येक पायरीवर त्रास होऊ शकतो. त्यावरचं औषध हाताशी तयार ठेवायचं, त्रास झाला तर ते देऊन थांबायचं, आणि मग परत सुरू करायचं.

"आणि ते नको म्हटलं तर?" शिशिरने विचारलं, पण उत्तर त्याला माहीत होतं, आणि डॉक्टरही ते पुन्हा बोलल्या नाहीत.

ती दुपार शिशिरला पुढे कधी नीट सांगता आली नाही. खोलीत ते चौघं होते. ओजस उशांना टेकून बसलेला, डॉक्टर गिल त्याच्या उजव्या अंगाला, त्यांच्या हाताखालची तरुण डॉक्टर सुई भरत, आणि पायाशी शिशिर. पहिला अंश दिला, थांबले. दुसरा दिला, थांबले. यंत्रावर ओजसच्या हृदयाचे ठोके टिकटिक करत होते. शिशिर त्याच्या पावलाला हात लावून होता, म्हणजे गार पडलं तर आधी त्याला कळावं. ओजसला बोलवत नव्हतं. मध्येच तो डोळे उघडून बाप आहे का बघायचा आणि परत मिटायचा.

निम्म्याच्या जवळ आल्यावर ओजसने गळ्याशी हात नेला. पोटावर आणि छातीवर लाल चट्टे उठत चालले होते, बघता बघता एकात एक मिसळत होते. श्वासाचा घुंई आवाज शिट्टीसारखा बारीक झाला. यंत्रावरची टिकटिक एकदम पळायला लागली. डॉक्टर गिल एवढंच म्हणाल्या, एड्रेनलिन, आणि तरुण डॉक्टरने ओजसच्या मांडीत सुई खुपसली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला. बाहेरून धावत आलेल्या नर्सने ट्रॉलीवरचं हिरवं कापड काढलं, खालची हत्यारं चमकली.

शिशिरच्या हातातलं पाऊल गार होतं. त्याला कुणी बाहेर जा म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी तो गेला नसता. मनात एकच चाललं होतं की मी हो म्हटलं. तेव्हा नाही म्हटलं होतं आणि आत्ता हो म्हटलं, आणि दोन्ही वेळा चुकलो.

शिट्टी आधी मंद झाली, मग तिचा घोगरा श्वास झाला. चट्टे गुलाबी पडत गेले. डॉक्टर गिल यांनी ओजसच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग त्या सरळ झाल्या आणि शिशिरला म्हणाल्या, आता थोडं थांबू, आणि मागच्या पायरीपासून परत सुरू करू.

"परत?" त्याने विचारलं.

"अभी आधा भी नहीं गया," त्या म्हणाल्या. अर्ध्याने भागत नाही.

शिशिरने ओजसच्या पावलांवर चादर ओढली, खाली हात घालून ती पुन्हा धरली आणि मानेनेच हो म्हटलं. ऊन खिडकीवरून उतरून भिंतीवर गेलं तेव्हा शेवटची बाटली संपली. ओजसला झोप लागली होती. साधी झोप होती की काय ते शिशिरने तरुण डॉक्टरला तीनदा विचारून घेतलं.

क्षितिजाचा फोन संध्याकाळी आला. लाइन खरखरत होती. त्याने एका दमात सांगितलं, काही गाळलं नाही. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, सकाळच्या विमानाने येते. आणि मग, "गिरिजाचं काय केलंस?"

गिरिजाचं अजून काहीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य विभागाची माणसं इमारतीत आली, घरोघर घशातले नमुने घेतले, गोळ्या वाटल्या. ज्यांच्या टोचण्या अपुऱ्या होत्या त्यांना तिथेच खालच्या सभागृहात सुई द्यायची होती. ओजसजवळ नंदकुमारकाका मास्क लावून बसले आणि शिशिर तासाभरासाठी घरी आला.

वंदनाकाकूंनी गिरिजाला त्याच्या हातात दिलं. रात्रभर त्यांचा डोळा लागला नसावा. त्या त्याच्यासोबत खाली आल्या. रांगेत पुढे एक बाळ होतं, त्याच्या आईने त्याला मांडीवर घट्ट धरलं होतं. शिशिर रांगेतून एक पाऊल मागे सरकला. काल एवढं सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर ही भीती निघून गेली असेल असं त्याला वाटलं होतं. ती कुठे गेली नव्हती. पुण्यातला तो जिना, ते अनवाणी पाय, सगळं जसंच्या तसं होतं.

"मला नाही जमत, काकू. तुम्ही धरता का तिला?" तो म्हणाला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "धरीन मी. पण तूच धर," त्या म्हणाल्या. "मी आहे ना बाजूला."

त्याने धरली. गिरिजा किंचाळली, तिने त्याच्या हाताला चावा घेतला. अर्धा तास त्यांना तिथेच बसवलं. तिला दुपारी ताप चढला, मांडी सुजली, ती चिडचिडी झाली आणि काकूंच्या घरातलं सगळं दूध जमिनीवर सांडून मोकळी झाली. पुढच्या सकाळी ती ठोकळे मागत होती.

गिरिजाला सुई दिली त्याच दुपारी क्षितिजा विमानतळावरून तडक बत्तीसला आली. चेहरा उन्हा-बर्फाने काळवंडलेला, पायात अजून कामावरचे बूट. मास्क आणि गाऊन घालून ती ओजसजवळ बसली, त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. ओजसने मास्कवरच्या डोळ्यांकडे बघून तिला ओळखलं आणि तो रडायला लागला, ते बघून शिशिर बाहेर गेला. ती मागोमाग व्हरांड्यात आली.

तो म्हणाला, बोल काय बोलायचं ते.

"राग आलाय मला," ती म्हणाली. "तुझा आलाय. माझाही आलाय. तू मला सांगितलं होतंस की धीर होत नाही, आणि मी तू बघ म्हणून मोकळी झाले. मी त्याला घेऊन जायला हवं होतं, नाहीतर तुला घेऊन जायला हवं होतं. पण हे सगळं नंतर. आत्ता माझ्यात तेवढी ताकद नाहीये."

तो बरं म्हणाला. मग दोघं बाकावर बसली, आणि तिने त्याला विचारलं की तू जेवलास का.

घशातला पापुद्रा हळूहळू सुटत गेला, मान उतरली. पण डॉक्टर गिल खूश दिसत नव्हत्या. विष आधी हृदयात जाऊन बसलंय की नाही ते लगेच कळत नाही, त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात ते कळलं. यंत्रावरची टिकटिक मध्येच एक ठोका खायची. ओजसला उठून बसायचीही बंदी झाली. सहा वर्षांच्या मुलाला, ज्याचा घसा आता दुखत नाही, त्याला दिवसचे दिवस आडवं ठेवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. क्षितिजा त्याला पूल कसे बांधतात ते सांगायची, शिशिर त्याच्या छातीकडे बघत बसायचा. ठोका चुकला की दोघांचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं.

याच दिवसांत इमारतीतले अहवाल आले. ऋग्वेदच्या घशातही तेच जंतू सापडले होते. पोराला साधी शिंक आली नव्हती, तो पार्किंगमध्ये सायकल फिरवत होता. गोळ्यांनी जंतू गेले. वंदनाकाकू डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनीच हे सांगितलं. त्यांनी टोमणा मारला नाही. पण दोन मुलं, एक बाटली, एकच जंतू, हे त्याच्या मनातून पुढे कितीतरी दिवस हललं नाही.

हृदय सावरलं. एके दिवशी टिकटिक सरळ चालायला लागली आणि तशीच चालत राहिली. मग टाळू लुळी पडली. ओजस नाकात बोलायला लागला, दूध प्यायला की ते नाकातून बाहेर यायचं. क्षितिजा हे बघून हादरली. ओजसला मात्र त्याची भयंकर गंमत वाटली, तो नर्सना बोलावून दाखवायचा. डॉक्टर गिल म्हणाल्या, हेही जाईल, नसांना वेळ लागतो. आणि ते खरंच गेलं, दिवाळी उलटून गेल्यावर.

क्षितिजा परत जायच्या आधी ती दोघं शेवटी भांडली. स्वयंपाकघरात, दार लावून, बारीक आवाजात, बरंच. कोणी किती चुकलं याचा हिशेब काही लागला नाही. दार उघडलं तेव्हा दोघांचे डोळे लाल होते, आणि एवढं ठरलं होतं की मुलांच्या बाबतीत "तू बघ" हे उत्तर या घरात पुन्हा कुणी द्यायचं नाही.

घटसर्प होऊन गेला म्हणजे तो पुन्हा होणार नाही असं नसतं, हे शिशिरला डॉक्टर गिलनीच सांगितलं. राहिलेल्या टोचण्या पुऱ्या कराव्याच लागणार होत्या. डिसेंबरात, शहरावर धुकं उतरायला लागलं होतं तेव्हा, तो ओजसला घेऊन गेला. क्षितिजा फोनवर होती, मोबाइल खिशात उभा करून ठेवला होता. नर्सने बाही वर केली. शिशिरने मुलाला मागून मिठीत धरलं आणि डोळे उघडे ठेवले.

सुई झाल्यावर ओजस दंड चोळत रागाने वळला. "आपने बोला था दर्द नहीं होगा।"

"नाही," शिशिर म्हणाला. "दुखेल असंच सांगितलं होतं मी. आता इथे थोडा वेळ बसायचंय आपल्याला."

"क्यों?"

"मला बसायचंय म्हणून."

ओजसने विचार केला आणि बाकावर त्याच्या शेजारी जागा केली. खिशातून क्षितिजाचा आवाज आला, काय झालं? काही नाही, शिशिर म्हणाला, बसलोय. ओजसने मोबाइल काढून घेतला आणि आईला नवीन सायकलबद्दल सांगायला लागला. शिशिर त्याच्या चेहऱ्याचा रंग बघत राहिला.